गाडीनं व्रत घेतलेलं न्हाय

शुक्रवार पेठेतल्या राजमती मगदूमला शिवण शिकवणारी अक्का म्हणून ओळखणारे पुष्कळ होते. पण सासरच्या गोतावळ्यात तिची ओळख एकच, हट्टी. हे नाव तिला लग्नानंतर पहिल्याच वर्षी पडलं. नवऱ्यानं हौसेनं शिवणाचं मशीन आणून दिलं, तर सासूबाईंनी त्यावर जोंधळ्याचं पोतं ठेवलं. राजमती भांडली नाही, रडली नाही. रोज सकाळी पोतं उतरवायचं, शिवायचं, आणि संध्याकाळी पोतं पुन्हा उचलून जागच्या जागी ठेवायचं. शेवटी पोतंच कंटाळलं म्हणायचं.

नवरा बाविशीतच गेला. मशीन राहिलं. त्यावर तिनं पेठेतल्या मुली शिकवल्या, मग मुलींच्या आया शिकवल्या. एकदा शाहूवाडीकडची चिमणाबाई दुखण्याच्या औषधासाठी म्हणून कोल्हापुरात शेजारी येऊन राहिली होती. ती दारात बसून मशीनकडं बघत राहायची. एके दिवशी म्हणाली, "अक्का, आमच्याकडं शिंपी एकच, मलकापुरात. चोळी टाकली की सण हून जातोय, पर चोळी काय येत न्हाय. तुमी तिकडं या की."

राजमती गेली. महिन्यातून एकदा एस.टी.च्या टपावर मशिनं बांधायची, बांबवड्यात उतरायचं, मलकापुरात उतरायचं, कधी थेट आंब्यापर्यंत जायचं, देवळात नाहीतर कुणाच्या सोप्यात चार दिवस वर्ग घ्यायचा आणि परत यायचं. दोन वर्षं असं चाललं. तिकडच्या बायका आपल्या चोळ्या आपण शिवायला लागल्या, मग शेजारणींच्या शिवायला लागल्या. ज्यांना घरात कुणी विचारत नव्हतं, त्यांच्याकडं गाव कापड घेऊन यायला लागलं.

मग एस.टी.च्या कंडक्टरनं टपावर मशीन घ्यायचं बंद केलं. बैलगाडीनं नेलं, तर वाटेत गाडी कलंडली आणि एका मशीनची मान मोडली. ओतीव लोखंड, सांधताही येईना. त्या दिवशी राजमतीनं ठरवलं, आता आपली जीप घ्यायची. गाडी झाली नाही तर पावसाळा सरून दसरा झाला तरी डोंगराकडचा वर्ग बंदच राहणार, हे तिला लख्ख दिसत होतं. हातात पाटल्या होत्या. त्या एकदाच मोडता येणार होत्या.

हे १९५३ सालातलं. लढाई संपल्यावर मिलिटरीनं काढून टाकलेल्या जीपगाड्या, डिस्पोजलच्या म्हणायचे त्यांना, कोल्हापुरात हातोहात फिरत होत्या. पण बाईमाणसानं जीप घ्यायची, हे कुणी ऐकलं नव्हतं.

तिचा दीर गोमटेश कापडाचा दुकानदार. माणूस वाईट नव्हता. वहिनीला घरातून कधी कमी पडू दिलं नाही. पण लोक काय म्हणतील याचा घोर त्याला भूक लागावी तसा वेळच्या वेळी लागायचा.

"वहिनी, जीप म्हंजे टांगा वाटला व्हय? तुम्ही तिच्यात बसलासा की निम्मी पेठ बघाय गोळा हुईल."

"हू दे की. बघाय काय पडतंय?"

"आणि चालवणार कोण?"

"मी."

गोमटेशच्या हातातला कापड मोजायचा गज खाली पडला. गिऱ्हाईक उठून गेलं. गज उचलून त्यानं आवाज मऊ केला. "असं करा. भाद्रपदात दशलक्षण पर्व येतंय. अनंत चतुर्दशीला बस्तीत देवापुढं दिग्व्रत घ्या. पंचगंगा ओलांडणार न्हाय म्हणा. पुण्य बी पदरात पडंल, आणि हे सगळं बी आपसूक थांबंल."

दिग्व्रत म्हणजे चारी दिशांना हद्द घालून घ्यायची. एकदा हद्द बोलून दाखवली की तिच्यापलीकडं जन्मभर पाऊल टाकायचं नाही. जैनांत हे व्रत फार मोठं मानतात. ज्यानं घेतलं त्याच्या शब्दाला बाजारात वजन येतं.

"घेईन की," राजमती म्हणाली. "भाद्रपद आला की घेईन. आधी गाडी."

तिची देवावर श्रद्धा नव्हती असं कुणी म्हणू नये. रोज सकाळी बस्तीत गेल्याशिवाय ती तोंडात पाणी घालत नसे. पाणी गाळल्याशिवाय वापरत नसे, दिवस मावळल्यावर जेवत नसे. देवाशी तिचं कधी वाकडं नव्हतं. देवाचं नाव पुढं करून आपलं घोडं दामटणाऱ्यांशी मात्र होतं.

तेवढ्यात बातमी आली की शिरोळच्या पार्श्वनाथ अण्णांना त्यांची जीप काढायची आहे.

अण्णा म्हणजे गोमटेशचे मामा. मोठे ऊसवाले, स्वतःचं गुऱ्हाळ, आणि दिग्व्रत घेतलेला माणूस. पूर्वेला कृष्णा, उत्तरेला वारणा, दक्षिणेला दूधगंगा आणि पश्चिमेला कोल्हापूरचा ब्रह्मपुरीचा पूल, ही त्यांची हद्द. सख्ख्या पुतणीचं लग्न हद्दीबाहेर होतं, तर अण्णा पुलाच्या अलीकडं उभे राहिले आणि वरात नदीवर आल्यावर तिथूनच अक्षता टाकल्या. असा माणूस. त्यांनी लढाईनंतर डिस्पोजलमधून जीप घेतली. जायला हद्दच एवढीशी, त्यामुळं गाडी फिरून फिरून फिरणार किती? मीटरवर जेमतेम चार हजार मैल.

गोमटेशला गाडी नको होती, पण घ्यायचीच असेल तर मामांची घ्यावी, म्हणजे निदान घरची अब्रू घरात, असं त्याला वाटलं. राजमती म्हणाली, "मेस्त्रीला दाखवून घेऊ."

"मेस्त्रीला? अण्णांची गाडी?" गोमटेशनं कानाला हात लावला. "वहिनी, अण्णा चार हजार म्हणले की चार हजार. त्यांची गाडी तपासायची म्हंजे त्यांचं व्रत तपासल्यागत हाय."

"भावजी, तुमच्या भावाला बी मी बघूनच व्हय म्हणलं हुतं. गाडी काय न बघता घेऊ?"

हे वाक्य दुसऱ्या दिवशी बस्तीत बायकांच्या बाजूला पोचलं. दोघीतिघींनी राजमतीकडं पाठ फिरवली. तिनं नेहमीसारखी प्रदक्षिणा घातली, अक्षतांचे पुंज मांडले, हात जोडले आणि उद्यमनगरात पिराजी मेस्त्रीकडं गेली.

पिराजी ऐकून हसला. "अक्का, कोल्हापुरातले समदे मीटर माझ्या वळखीचे हायत. एका जीपचा मीटर तर दर विकणाऱ्यापाशी आनखी तरणा हुतोय. पर अण्णांचं निराळं. तरी बघू की."

चैत्र संपत आला होता. अण्णा गुळाच्या कामासाठी कोल्हापुरात आले, तेव्हा गाडी बरोबर आणली. शाहूपुरीत अडत दुकानाच्या मागच्या मोकळ्या जागेत ती उभी केली होती. हिरवा रंग ठिकठिकाणी उडालेला, पण अंग सरळ. हमाल गुळाच्या ढेपा ठेवून बघायला जमले. अण्णा आत अडत्याशी बोलत बसले होते. स्वच्छ धोतर, टोपी, पायात वहाणा नाहीत.

पिराजीनं आधी पेडलं बघितली. रबराच्या कडासुद्धा झिजल्या नव्हत्या. खाली सरकून स्प्रिंगांचे पाटे बघितले, चाकं हलवून बघितली, स्टिअरिंग इकडं तिकडं फिरवून बघितलं. "कोरं हाय अक्का. काय बी खुळखुळत न्हाय." मग रेडिएटरचं टोपण काढून बोट आत घातलं आणि राजमतीसमोर धरलं. "हे बघा. गंज न्हाय, गाळ न्हाय. सात वर्सांच्या गाडीचं पाणी असं नारळाच्या पाण्यागत असतंय व्हय? हे इंजन कामालाच लागलेलं न्हाय."

गाडीच्या पाठीमागं मधोमध लोखंडाची एक पट्टी होती, बोल्टांसकट. "हे काय?" राजमतीनं विचारलं.

"आसंल मिलिटरीचं कायतर. तोफबीफ वढत असतील," पिराजी म्हणाला आणि उठून हात पुसले. "घ्या डोळे झाकून."

गोमटेशचा चेहरा उजळला. अण्णा बाहेर आले. सगळ्यांना वाटलं, झालं. आता नारळ फोडायचा.

"चढ बघायचा ऱ्हायला," राजमती म्हणाली. "माझी मशिनं मागं घालून वाघबिळाचा चढ चढवून बघते. मग व्हय म्हणते."

अण्णा सावकाश म्हणाले, "पोरी, चढ तिनं बघितलेला न्हाय. माझ्या हद्दीत चढ कुठला? सगळी उसाची सपाट रानं. पुलाच्या पलीकडं मला येता येत न्हाय, तुला ठावं हाय. आणि मी नसताना माझी गाडी कशी धाडू?"

"तुम्ही पुलापतोर चला अण्णा. तिथं सावलीत बसा. व्रत तुमचं हाय. गाडीनं व्रत घेतलेलं न्हाय."

एक हमाल फसकन हसला आणि गोमटेशचे डोळे बघून गप्प झाला. गोमटेशचे कान लाल झाले होते. थोरल्या माणसापुढं, व्रती माणसापुढं, घरच्या सुनेनं असं बोलायचं! पण अण्णा रागावले नाहीत. गाडीकडं बघून मान हलवत म्हणाले, "बरोबर हाय. तिला मोकळीक हाय."

पुलाशी अण्णा उतरले आणि अलीकडच्या पिंपळाखाली कट्ट्यावर बसले. त्यांच्यावर छत्री धरायला गोमटेश थांबला. पिराजीनं गाडी पुलावर घातली. मागं राजमतीची चारही मशिनं गोधड्यांत गुंडाळून बांधली होती, आणि पुढं पिराजीच्या शेजारी ती स्वतः, मांडीवर पाण्याची कळशी घेऊन. नदीवर धुणं धुणाऱ्या बायका पिळे हातात धरून बघत उभ्या राहिल्या.

वडणग्याचा फाटा गेला. केर्ली गेली. उजव्या हाताला जोतिबाचा डोंगर उन्हात पिवळा पडला होता. सपाटीला गाडी अशी चालली की पिराजी गुणगुणायला लागला. मग चढ आला, आणि गुणगुणणं थांबलं. पिराजीनं गिअर खाली घेतला, आणखी खाली घेतला. गिअर लोण्यासारखे पडत होते, पण गाडीत दमच नव्हता. पाठीमागं निळा धूर निघाला. वाघबीळ अजून वर राहिलं होतं, आणि रेडिएटर खदखदायला लागला. पिराजीनं गाडी कडेला घेऊन चाकाला दगड लावला.

गार होईपर्यंत दोघं थांबली. मग पिराजीनं कळशीला हात घातला, तर राजमतीनं आधी कमरेचा पांढरा धडपा काढला, भांड्यावर धरला आणि पाणी गाळायला लागली.

"गाडीला बी गाळून?" पिराजीला हसू आवरेना.

"उकळत्या पाण्यात जीव कशापायी घालायचा?" ती म्हणाली, आणि ओतता ओतता थांबली. "पिराजी, अण्णा बी गाळूनच घालत असणार. आमच्याकडं गाळल्याबिगर पाणी कशालाच वापरत न्हाईत. रेडिएटर स्वच्छ हाय तो त्यामुळं. त्यावरनं इंजनाचं वय धरू नगंस."

पिराजी खालीच बसला. इतकी वर्षं तो पाण्यावरून गाड्या जोखत आला होता. पण पाणी गाळून घालणाऱ्याची गाडी त्याच्या हाताखाली कधी आली नव्हती. तो उठला, तेलाचं टोपण काढलं आणि गाडी सुरू केली. टोपणाच्या तोंडातून धूर असा भकाभका येऊ लागला, जणू आत कुणी चिलीम ओढत बसलंय.

"अक्का," तो म्हणाला, "हे इंजन म्हातारं हाय. रिंगा गेल्यात, बोअर गेलाय. चार हजार मैलात असं हुईत न्हाय. मीटर फिरवलाय कुणीतर. अण्णांनी न्हाय, तर त्यांच्या माणसानं."

"आणि गिअर?"

"गिअर नवे."

"पाटे? पेडलं?"

"ती बी नवी. तेच समजंना झालंय. पोराच्या धडावर म्हाताऱ्याचं मुंडकं बसवल्यागत."

राजमती रस्त्याकडेच्या दगडावर बसली. आता काय? मीटर खोटा म्हणून खाली जाऊन सांगायचं, तर अण्णांच्या जन्माचं व्रत मातीत जाणार, आणि हे सगळं एका बाईच्या हट्टापायी, असं जो तो म्हणणार. गप्प बसून गाडी घ्यायची, तर पहिल्याच घाटात ती आडवी पडणार आणि पाटल्याही जाणार. नाही घ्यायची, तर गोमटेश जिंकला. वहिनीला गाडीतलं काय कळतंय, हे वाक्य मग आयुष्यभर. आणि आंब्याच्या देवळात बायका दसऱ्यानंतर वाट बघत बसणार.

पण जो माणूस पुतणीच्या लग्नाला नदी ओलांडत नाही, तो मीटरची खोटी भानगड करू देईल? तिच्या मनाला पटेना. मनातल्या मनात तिनं णमोकार मंत्र म्हटला. उत्तर मागायला नव्हे, डोकं जागेवर यायला.

गोधडीतून एका मशीनची पायपट्टी बाहेर आली होती. ते तिचं दुसरं मशीन. एका म्हाताऱ्या शिंप्याकडून घेतलेलं. तो शपथेवर सांगत होता, मशीन दुकानाबाहेर कधी गेलेलं नाही. खरंच गेलं नव्हतं. आणि आतून सगळं झिजून पीठ झालेलं होतं. मशीन कुठं जातंय? भिंतीला पाठ लावून बसतं आणि बसल्या जागीच झिजतं.

ती ताडकन उठली. "पिराजी, गाडी वळव."

"आनि चढ?"

"चढाचं काय ते कळलं. आता मला एकच विचारायचंय."

पुलाच्या अलीकडं अण्णा तसेच बसले होते. सावली सरकली होती, पण माणूस हलला नव्हता. गोमटेश लगबगीनं पुढं आला. राजमती त्याला ओलांडून अण्णांसमोर उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला.

"अण्णा, गाडी हद्दीबाहेर गेली न्हाय हे मला मान्य हाय. हद्दीच्या आत उभी असताना ती काय करत हुती?"

"ऊस गाळत हुती," अण्णा म्हणाले.

म्हणजे इतकं सरळ. त्यात लपवाछपवी नव्हती, उलट अभिमान होता. "चरकाचे बैल गेले, तवा मागं पट्ट्याचं चाक बसवून घेतलं. गाडी जागेवर, पट्टा चरकाला. दिवाळीला सुरू झाली की पाडव्यापतोर रात न्हाय दिवस न्हाय. सगळ्या हंगामांत एकदा म्हणून कुरकुरली न्हाय. लई गुणाची. औंदा ऑइल इंजन घेतलं म्हणून हिला काढली."

पिराजीनं कपाळावर हात मारला. "ती पट्टी! पट्ट्याचं चाक काढलं, त्याची जागा ती! गाडीची चाकं जागेवर, तर मीटर बी जागेवर. आनि मी म्हणालो तोफ!"

"हे तुम्ही सांगितलं न्हाईसा अण्णा," राजमती म्हणाली.

"तू विचारलं न्हाईस."

"बघा!" गोमटेशनं दोन्ही हात वर केले. "अण्णा एक अक्षर खोटं बोललेले न्हाईत!"

"न्हाईतच बोलले. मीटर खरा, अण्णा खरे, पिराजी खरा. मी तेवढी फसणार हुते." तिचा आवाज वाढला नाही, पण खालच्या घाटावर धुणं धोपटण्याचा आवाज बंद झाला होता. "अण्णा, मी तुमच्यापुढं लहान हाय. पाय हद्दीबाहेर पडू नये म्हणून तुम्ही इथं उन्हात बसून ऱ्हायलासा. मग गिऱ्हाईक मैल बघून गाडी जोखतंय, ते मैल ह्या गाडीला लागू न्हाईत, हे तुम्हाला ठावं हुतं. एवढी एक गोष्ट तोंडाबाहेर काढाय कुठली हद्द आडवी आली?"

"वहिनी!" गोमटेश ओरडला.

अण्णांनी हातानं त्याला गप्प केलं. पाण्याकडं बघत ते म्हणाले, "मनात आलतं. शिरोळातनं निघतानाच आलतं. मग म्हणलं, विचारलं तर सांगू."

गोमटेशला पुढचं सगळं सोपं वाटलं. त्यानं छत्री मिटली. "चला वहिनी घरला. नको ती गाडी. विषय संपला."

"गाडी मी घेणार हाय."

"आत्ता तुम्हीच म्हणलासा इंजन गेलंय!"

"इंजन गेलंय. बाकी काय गेलंय ते मेस्त्रीला विचारा. घाट उतरताना मला ब्रेक पायजेत, गिअर पायजेत, पाटे पायजेत. ती सगळी कोरी हायत, कारण गाडी चाललीच न्हाय. मुंबईपतोर जाऊन आलेल्या शंभर गाड्यांत अशी मिळायची न्हाय. म्हातारं झालंय ते इंजन, आणि म्हातारी इंजनं तरणी करणारे कारखाने उद्यमनगरात गल्लोगल्ली हायत. ते अण्णा करून देतील, मग मी गाडी नेईन."

"आणि न्हाय दिलं तर?" गोमटेश म्हणाला. "बस्तीत जाऊन गवगवा करणार?"

"न्हाय. मी आपणहून एक शब्द बोलणार न्हाय." ती अण्णांकडं वळली. "पण कुणी विचारलं तर सांगीन. विचारल्यावर सांगायचंच असतंय, न्हाय का अण्णा?"

पिराजी उगीच बॉनेट उघडून त्यात तोंड घालून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

अण्णा कट्ट्यावरून उठले. गुडघे धरून उठावं लागलं त्यांना. "गोमटेश," ते म्हणाले, "ही तुझी वहिनी शिरोळात असती तर गुऱ्हाळ हिच्या हाती देऊन मी मोकळा झालो असतो."

"गुऱ्हाळ नको मला," राजमती म्हणाली. "इंजन."

"पिराजी, खोल बाबा इंजन," अण्णा म्हणाले. "आणि काय काय गेलंय ते मला एकट्याला नको, हिच्यासमोर सांग."

पावसाळ्याच्या तोंडाशी इंजन तयार झालं. पिराजीनं तिला कळंब्याच्या रस्त्यावर गाडी शिकवली. पहिल्या दिवशी तिनं एक बांध पाडला, दुसऱ्या दिवशी आपल्या हातानं परत घालून दिला. लायसन काढायला गेली, तर साहेबांनी विचारलं, "तुमच्याबरोबर पुरुषमाणूस कोण आलंय?" ती म्हणाली, "खाली गाडी हाय. तिच्यात बसा, म्हंजे तुम्हीच हुशीला." साहेब बसले. गाडी रंकाळ्याला वळसा घालून परत आली, तेव्हा त्यांनी मुकाट सही केली.

आणि भाद्रपद आला.

गोमटेश काही विसरला नव्हता. अनंत चतुर्दशीला वहिनी दिग्व्रत घेणार, हे त्यानं बस्तीत आधीच सांगून ठेवलं होतं. दिल्या शब्दाला वहिनी जागते, याची त्याला खात्री होती, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. त्या दिवशी बस्ती खच्चून भरली होती. अण्णासुद्धा शिरोळहून आले होते. एकेकानं उठून व्रतं घेतली. कुणी हिरवी भाजी सोडली, कुणी मीठ. मग उपाध्यांनी राजमतीकडं बघितलं.

ती उपासाची होती. पांढरं लुगडं, हातात पाटल्या नाहीत. हात जोडून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पूर्वेला कृष्णा. उत्तरेला वारणा. दक्षिणेला दूधगंगा."

गोमटेशनं डोळे मिटून मान डोलावली. अण्णांचीच हद्द. घरात शोभणारी.

"पश्चिमेला आंबा घाटाचा माथा. त्याच्या पलीकडं मी जन्मात जाणार न्हाय."

गोमटेशचे डोळे उघडले. बायकांच्या बाजूला कुजबुज सुटली. उपाध्ये घोटाळले. "राजमती, एवढ्या लांब? हद्द जरा आत घेतली तर..."

"हद्द किती असावी, हे शास्त्रात लिहिलंय का, का असावी एवढंच लिहिलंय?"

उपाध्यांनी विचार केला. सरळ माणूस होता. "असावी, एवढंच," ते म्हणाले, आणि तिच्या ओंजळीत अक्षता दिल्या. पुरुषांच्या बाजूला बसलेले अण्णा मान खाली घालून हसत होते, की जप करत होते, ते नीट कळलं नाही.

बाहेर चपला घालताना गोमटेशनं तिला गाठलं. "वहिनी, व्रत पाय आवरायला घेत्यात. एवढी लांबची हद्द घेऊन करणार काय?"

"जाणार," ती म्हणाली. "आता धर्मानंच परवानगी दिलीया. तुम्ही अडवलासा तर पाप तुम्हाला."

दसऱ्यानंतर गाडी पुलावरून गेली. वाघबीळ एका दमात चढली. पुढं दर महिन्याला बांबवडं, मलकापूर, आंबा. रस्त्यावरची पोरं लांबून हिरवी गाडी दिसली की "शिवणाची अक्का आली" म्हणून ओरडत. तिकडं कुणाला जुनी गाडी घ्यायची असली, तर माणसं तिलाच विचारायला यायला लागली. ती मीटरकडं बघायचीच नाही. "गाडी किती चालली ते सांगू नका," म्हणायची, "उभी असताना काय करत हुती ते सांगा."

दोन वर्षांनी चिमणाबाईनं निरोप आणला. तिची बहीण घाटाखाली, साखरप्याच्या बाजूला दिलेली. तिकडच्या पोरींना शिकायचंय, अक्कांनी खाली उतरावं. गाडी माथ्यावर उभी होती. समोर रस्ता झाडीत शिरून खाली कोकणात उतरत होता. ब्रेक चांगले होते, गिअर चांगले होते, उतरायला काही अवघड नव्हतं.

"चला की अक्का," चिमणाबाई म्हणाली. "हितं कोन बघतंय? घटकाभराचा रस्ता."

"माझी हद्द हितं संपली."

"आता गं बया! सगळ्या गावाशी भांडून गाडी घेतलीसा, आणि आता आपल्याच शब्दाला अडून बसलासा?"

"तेवढ्यासाठीच तर भांडले. हद्द माझी मी घातली हाय. दुसऱ्यानं घातलेली असती तर कवाच मोडली असती." राजमतीनं गाडी वळवून पिवळ्या फुलांच्या झुडपापाशी लावली आणि एक मशीन उतरवायला घेतलं. "तुझ्या बहिणीला सांग, पोरींना वर धाड. वर्ग माथ्यावर हुईल."

पुढच्या महिन्यात ती पोचली, तेव्हा माथ्यावर झाडाखाली सहा पोरी बसल्या होत्या. पहाटे निघून घाट चढून आलेल्या, पायांना लाल माती, काखेत कापडाचे तुकडे. राजमतीनं कळशीतलं गाळलेलं पाणी आधी त्यांना दिलं, मग गाडीला.